वायरच्या दुसऱ्या टोकाला

मंडळी, इथले अनुभव मी तीन-चार वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसायलाच वाचते. पिंपळाखाली पांढरी साडी दिसली, घाटात कोणीतरी लिफ्ट मागितली... मी रेश्माला लिंक पाठवायचे आणि आम्ही दोघी ऑफिसात खिदळायचो. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण जे झालं ते झालं, आणि घरात त्यावर बोलायला बंदी आहे, म्हणून इथे लिहितेय. हसायचं असेल तर खुशाल हसा.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. सातमजली सोसायटी, आमचा सहावा मजला, वन बीएचके. घरात मी, नवरा नितीन आणि माझे बाबा. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. सव्वा वर्षापूर्वी त्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तीन शब्द उरले... हो, नको आणि चहा. वॉकर आहे, पण कोणीतरी धरल्याशिवाय ते पलंगावरून उठतसुद्धा नाहीत. पलंग हॉलमध्येच आहे, त्याच्या बाजूला टेबल आणि टेबलावर माझा लॅपटॉप. आठवड्यातले चार दिवस मी घरून काम करते, ते बाबांसाठीच.

मी स्वभावाने चिडकी आहे. हे आधीच सांगून ठेवते, पुढे लागेल.

तर गेल्या मार्चमध्ये आमच्या समोरची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. पाडापाडीत आमच्या ब्रॉडबँडची वायर तुटली. ‘दोन दिवसात करतो मॅडम’ असं त्यांनी पाच आठवडे ऐकवलं. माझ्या फोनवर घरात कॉल कसेबसे येतात, पण नेट अजिबात चालत नाही. शेवटी नितीनने जुगाड केला. त्याचा एक जुना फोन होता, त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलं. त्या सिमला रेंज मिळायची ती फक्त ड्राय बाल्कनीत. म्हणजे किचनच्या मागे जी कपाटाएवढी जागा असते ना, वॉशिंग मशीन आणि कपडे वाळवायची दांडी मावेल इतकीच... तिथे. हॉटस्पॉट लावून पाहिला तर दोन भिंतींपलीकडे हॉलपर्यंत पोचेना. म्हणून फोन बाल्कनीच्या ग्रिलमध्ये, सपिटाच्या चाळणीत ठेवायचा आणि तिथून लांबलचक यूएसबी केबल किचनमधून थेट लॅपटॉपपर्यंत. केबल लावली की फोनचं नेट कॉम्प्युटरला मिळतं, आपोआप. तशी सेटिंग नितीनने आधीच करून ठेवलेली, आणि नशीब, कारण आठच दिवसांत त्या फोनचा टच मेला. स्क्रीन लागायची, पण बोट लावून काही उपयोग नाही. ना कॉल, ना मेसेज. नेट मात्र देत होता बिचारा.

बाबांना ती केबल भारी आवडली. त्यांच्या पलंगाला लागूनच जमिनीवरून जायची. सारखे वाकून बघायचे, डाव्या हाताने चाचपायचे. मी ओरडायचे, “बाबा, हात लावू नका हो, मीटिंग तुटेल!” ते हसायचे.

आणखी एक सांगायला हवं. बाल्कनीच्या दाराला किचनच्या बाजूने कडी आहे, वरून खाली पडणारी, जुन्या पद्धतीची. कबुतरं आत येतात म्हणून लावून ठेवावी लागते. दार जोरात आपटलं की ती आपली आपणच पडते. नितीनला किमान वीस वेळा सांगितलं होतं, ही कडी काढ, कोणीतरी अडकेल. “करतो गं,” हे त्याचं उत्तर ठरलेलं.

त्या दिवशी, गुरुवार होता, बारा वाजता माझं क्लायंटसमोर प्रेझेंटेशन होतं. मी कुकर लावला, बाबांना उशी देऊन बसवलं आणि लॅपटॉप उघडला. बारा वाजायला दहा मिनिटं आणि नेट गायब. केबलचं फोनकडचं टोक ढिलं व्हायचं नेहमी. चरफडत उठले, किचनच्या दारात स्लिपर्स भिरकावल्या (बाल्कनीत पाणी असतं) आणि आत गेले. केबल काढून पुन्हा खोचणार, तेवढ्यात वारा आला आणि दार आपटलं.

खट्.

तो आवाज ऐकल्याबरोबर मला कळलं. तरी ढकलून पाहिलं. मग खांदा लावून ढकललं. लाथ मारली. दार जुनं, जाडजूड. ढिम्म हललं नाही.

माझा फोन टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी. हातात केबलचं टोक. चाळणीत तो मुका फोन. बटण दाबलं तर स्क्रीन लागली आणि विझली, बस्. मी ग्रिलला तोंड लावून “वॉचमन! वॉचमन!” ओरडले. पण समोर पायलिंगचं मशीन धाड् धाड् चालू होतं, माझा आवाज मलाच ऐकू येईना. खाली पार्किंगचा पत्रा. मागच्या बाजूला कोणी फिरकत नाही.

आणि कुकरची पहिली शिट्टी झाली.

घरात बाबा एकटे, गॅसवर कुकर. नितीन सात वाजता येणार. तोपर्यंत पाणी आटून काय होईल? आग लागली तर बाबा उठूही शकत नाहीत. हाकसुद्धा मारू शकत नाहीत. “आग” हा शब्द त्यांच्या तीन शब्दांत नाही, मंडळी.

दुसरी शिट्टी. तिसरी. मी दार बडवत होते.

मग थोडं डोकं चाललं. म्हटलं, केबल आपण लावायचीच नाही. नेट नाही म्हणजे मी मीटिंगमध्ये दिसणार नाही. रेश्मा फोन करेल, मी उचलणार नाही, मग ती नितीनला करेल आणि तो शेजारी कळवेल. शेजारच्या काकूंकडे आमची किल्ली असते. अर्धा तास फार फार तर. मी केबल मुद्दाम हातातच धरून ठेवली.

चौथी. पाचवी. सहावी शिट्टी. आता करपट वास येऊ लागला.

दाराचा खालचा कोपरा मशीनच्या पाण्याने कुजलेला आहे. त्याच भोकातून केबल जाते. मी मशीन आणि भिंतीच्या मध्ये कशीबशी आडवी झाले, गाल ओल्या लादीला टेकवला आणि भोकाला डोळा लावला. किचनची जमीन दिसत होती, ओट्याचा खालचा भाग, सिलिंडर.

सातवी शिट्टी सुरू झाली आणि मध्येच विरली. कोणीतरी गॅसचं बटण बंद केलं होतं.

मी किंचाळले, “नितीन! अरे मी इथे आहे!” ओट्याशी पाय दिसले. निळ्या स्लिपर्समधले. माझ्या स्लिपर्समधले. डाव्या अंगठ्याला बँडेज होतं.

मी आदल्या दिवशी पलंगाच्या पायावर अंगठा ठेचून घेतला होता. वाकून स्वतःचा पाय बघितला. बँडेज माझ्याही अंगठ्याला होतं.

पाय वळले आणि हॉलकडे गेले. आणि मग... समोरचं पायलिंग नेमकं जरा थांबलं होतं, त्यामुळे अगदी स्पष्ट ऐकू आलं.

“सॉरी सॉरी, कुकर होता! हां, दिसतेय का सगळ्यांना स्क्रीन?”

माझा आवाज. माझाच, पण मी ऑफिसात वापरते ना, तो गोड आवाज. माझी पाचावर धारण बसली. मी ओरडायचं विसरले. ती, म्हणजे मी, स्लाइडमागून स्लाइड समजावत होती. मध्ये हसली. क्लायंटने काहीतरी विचारलं, त्याचं उत्तर दिलं. आणि नेटची केबल माझ्या हातात होती, तिचं टोक कशालाच लावलेलं नव्हतं!

भीती वाटली, ती तर वाटलीच. पण त्याहून एक वेगळीच गोष्ट हळूहळू डोक्यात शिरली. मी मीटिंगमध्ये दिसतेय. म्हणजे रेश्मा फोन करणार नाही. म्हणजे मला शोधायला कोणीही येणार नाही.

मी दांडीवरचे ओले कपडे ओढले आणि ग्रिलमधून खाली टाकायला लागले. टॉवेल, बाबांचे लेंगे, नितीनचे शर्ट. आमच्याकडे पद्धत आहे, खाली कपडा पडला की वॉचमन उचलून वर आणून देतो. सहा कपडे एकदम पडले की तो वर येणार, नक्की येणार! पाच-सात मिनिटांनी पत्र्याच्या कडेला वॉचमन ते उचलताना दिसला. मी ओरडले, हात हलवले, पण पायलिंग पुन्हा सुरू झालं होतं. त्याने वर पाहिलंच नाही. ठीक आहे म्हटलं, बेल तर वाजवेल. दार कोण उघडणार? कोणी उघडत नाही म्हटल्यावर शेजारी विचारेल...

पायलिंग क्षणभर थांबलं आणि बेल वाजली. मी पुन्हा भोकाशी कान लावला.

दार उघडल्याचा आवाज आला.

“मॅडम, कपडे गिर गये थे आपके.”

“अरे बापरे, सगळे? थँक यू हां भैया. पानी पियोगे?”

“नहीं मॅडम.”

मी भोकातून ओरडले, तर नेमकं पायलिंग पुन्हा सुरू झालं. दार बंद झालं.

मी तिथे लादीवर पडून रडले. लाज कसली सांगायला? त्यानंतर, मीटिंगचा ब्रेक असावा, माझा फोन वाजला. नितीनची रिंगटोन वेगळी आहे, त्यामुळे कळलं. तिने तोही उचलला. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण हसत होती. बॉस खूश, वॉचमन खूश, नवरा खूश. माझं सगळं व्यवस्थित चाललं होतं. मीच तेवढी अडीच फुटांच्या जागेत कोंडलेली होते, आणि माझी कोणाला गरज नव्हती.

जेवणाच्या सुट्टीसाठी पायलिंग बंद झालं, तेव्हा तिने विचारलं, “बाबा, पाणी हवंय?”

बाबा हो म्हणतात किंवा नको म्हणतात. एवढं तरी म्हणतातच. त्या वेळी त्यांनी काही म्हटलं नाही.

“बाबा? पाणी देऊ ना?”

पुन्हा काही नाही. माझे बाबा त्या... त्या जे काही होतं त्याच्यासोबत एकटे आहेत. मी हातातली केबल रागाने जोरात ओढली. लॅपटॉप पडू दे, फुटू दे, काहीतरी होऊ दे. पण लॅपटॉप पडला नाही. तिकडचं टोक सुटलं असावं, कारण केबल हातभर सरकली आणि सैल पडली. हॉलमधला आवाज मात्र तसाच चालू होता, “नेक्स्ट स्लाइडवर जाऊया...”

झालं, म्हटलं. एक दोरी होती, तीही गेली.

तेवढ्यात केबल ताठ झाली. कोणीतरी पलीकडून एकदा ओढली. आणि थांबलं.

मी लहान होते तेव्हा बाबा मला त्यांच्या कामाच्या गोष्टी सांगायचे. रस्त्याखालच्या चेंबरमध्ये एक माणूस, दुसऱ्या चेंबरमध्ये दुसरा, मध्ये ढीगभर केबल. आपली कुठली हे कसं ओळखायचं? एकाने एकदा ओढायची. ‘आहेस का?’ दुसऱ्याने दोनदा ओढायची. ‘आहे.’ आम्ही दोघं हे आईच्या शिवणाच्या दोऱ्याने खेळायचो, मी मोरीत आणि ते गॅलरीत.

मी दोनदा ओढली.

मग पलंग करकरला. वॉकरचे पाय जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. टक्. मग पाय घासत ओढल्याचा. पुन्हा टक्.

पलंगापासून बाल्कनीचं दार म्हणजे धडधाकट माणसाची अठरा पावलं. मी नंतर मोजली. बाबांना किती वेळ लागला सांगता येत नाही. पाऊण तास असेल, जास्तही असेल. दर दोन पावलांनी ते थांबायचे, धाप ऐकू यायची, आणि केबलला एक हिसका बसायचा. आहेस का? मी दोनदा ओढायचे. आहे. जसे ते जवळ येत होते तशी मी सैल पडलेली केबल आत ओढून ताणून धरत होते. लाइनमन फॉल्ट असाच शोधतो, लाइन धरून चालत जातो.

मध्येच मीटिंगचा आवाज थांबला.

“बाबा, कुठे निघालात? बसा ना. मी आहे ना इथे.”

“नको,” बाबा म्हणाले. स्ट्रोकनंतर इतका खणखणीत शब्द मी ऐकला नव्हता.

टक्. घस्स. भोकातून वॉकरचे रबरी बूट दिसले. मग त्यांचा डावा पाय, मग फरफटत आलेला उजवा. आणि त्यांच्या मागे, किचनच्या दारात, निळ्या स्लिपर्स. त्या पुढे आल्या नाहीत. नुसत्या उभ्या होत्या.

“बाबा,” मी भोकातून कुजबुजले, “कडी... वर करा... डाव्या हाताने.”

वॉकर डगमगला. कडी एकदा वर गेली आणि निसटली. दुसऱ्यांदाही निसटली. तिसऱ्यांदा दार उघडलं.

बाबा घामाने निथळत उभे होते, केबल मनगटाला गुंडाळलेली. त्यांच्या मागे कोणी नव्हतं. दारात माझ्या स्लिपर्स होत्या, एकमेकींना चिकटून नीट ठेवलेल्या, टोकं आमच्याकडे. मी आयुष्यात कधी स्लिपर्स नीट ठेवलेल्या नाहीत.

आणि मी काय केलं असेल? बाबांना धरलं आणि रडत रडत ओरडले, “अहो पडला असतात म्हणजे? एकटे कशाला उठलात? अक्कल आहे का काही!”

बाबा हसायला लागले. त्यांचं अर्धंच तोंड हसतं. मग म्हणाले, “सुजे.”

सव्वा वर्षात त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं.

बाकीचं थोडक्यात सांगते. दीड वाजून गेला होता. लॅपटॉप मिटलेला होता. कपडे सोफ्यावर घड्या घालून ठेवलेले. रेश्माचा मेसेज, “झकास बोललीस यार, वाटच लावलीस त्यांची!” माझ्या फोनवर नितीनचा कॉल उचलल्याची नोंद, चार मिनिटांची. नितीन संध्याकाळी म्हणाला, “आज चक्क छान बोललीस, एकदाही खेकसली नाहीस.” मी त्याला सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं, उकाड्याने मला चक्कर आली असेल, पाच मिनिटं अडकले असेन, बाकी स्वप्न. मग कपडे वर कोणाला दिले? वॉचमनला आम्ही दोघांनी विचारलं. तो म्हणाला, “आपको ही तो दिये, मॅडम.” त्या सिमचा वापर तपासला, तर बारानंतर एक एमबीसुद्धा खर्च झालेला नाही. रेश्माने मीटिंगचा स्क्रीनशॉट काढला होता. त्यात मी आहे, त्याच कुर्त्यात, हसतेय. मागे पलंगावर बाबा दिसतात. ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत, माझ्याकडेही नाही. खाली जमिनीकडे बघतायत, हातात काळी वायर. नितीन तो फोटो डिलीट कर म्हणतो. मी केला नाही.

बाबांच्या फिजिओथेरपिस्टला विचारलं, हे एकटे अठरा पावलं चालू शकतात का? ती म्हणाली, शक्यच नाही. त्यानंतर ते एकटे चाललेही नाहीत, आणि माझं नावही पुन्हा घेतलं नाही.

ती कोण होती, मला माहीत नाही. तिने गॅस बंद केला, म्हणजे एका अर्थी आमचा जीव वाचवला. दार का उघडलं नाही, ते मात्र कळत नाही. विचार करून डोक्याचा भुगा झाला, आता सोडून दिलंय. कडी त्याच रात्री काढली, नितीननेच. ब्रॉडबँडही आलं. केबल मात्र मी जमिनीवरून काढलेली नाही. एक टोक बाबांच्या उशाशी, दुसरं बाल्कनीत.

परवा माझा मूड कधी नव्हे तो चांगला होता. हॉलमध्ये आले आणि सहज, प्रेमाने विचारलं, “बाबा, पाणी हवंय?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग नजर काढली, हळूच वायर उचलली, एकदा ओढली आणि किचनकडे बघत थांबले.

“बाबा, अहो मीच आहे! बघा ना नीट!” मी ओरडले, खेकसले, रडायची बाकी राहिले. त्यांनी वायर सोडली नाही.

शेवटी मी बाल्कनीत गेले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मशीनच्या बाजूला ओल्या लादीवर बसले, टोक हातात घेतलं आणि दोनदा ओढलं.

तेव्हा कुठे त्यांच्या हातातली वायर सैल पडली.